उजवीकडे ओढते

पोत्यावर तीन जोड्या मांडल्या नईमोद्दीन मिस्त्रीनं,
भाजीवाली वांगी मांडते तशा,
डाग खालच्या बाजूला करून.

पहिली दिल्लीची. काळी कुळकुळीत,
रंग इतका जाड की नखात येतो.
दुसरी कोइमतूरची, पाइपाची, लाल.
आटे फिरवून लांबी कमीजास्त होते म्हणे,
बुशही रबराचे नाहीत, पिवळ्या पॉलियुरेथेनचे,
"जन्मभर बघायचं काम न्हाई."
तिसरी वाळूजच्या एका टर्नरनं शेडमध्ये केलेली.
कंपनी सुटल्यापासून तो एवढंच करतो,
महिन्याला सात-आठ जोड्या.
नुसता प्रायमर फासलेला, आणि वेल्डची शिवण
अपघाताच्या रात्री घातलेल्या टाक्यांसारखी.

"मूळ कंपनीचे आर्म?"
"कंपनीच न्हाई राहिली बाई.
परभणीला एक गाडी भंगारात निघाली होती,
गेलो तर तिच्या आर्मची
कुणीतरी गेटला कडी करून टाकलेली."
"मग एकटा उजवा बदला. डावा धडका आहे."
"नक्को. हात जोडीनंच बदलायचे.
एक नवा एक जुना, तर गाडी स्वतःशीच भांडते."

उजवा मी वाकवला होता.
दोन हजार नऊ, रात्रपाळीहून येताना,
भोकरदन नाक्याच्या डिव्हायडरवर.
डोळा लागला होता. कुणाला सांगितलं नाही.
तेव्हापासून ती उजवीकडे ओढते
आणि मी डावीकडे धरून ठेवते.

एकतीस वर्षं सिव्हिलमध्ये हाडांचे फोटो काढले मी.
वरून ठणठणीत, आत केसाएवढी रेघ,
आणि रेघ बोलेपर्यंत माणूस चालत असतो.
म्हटलं, मिस्त्री, एक दिवस द्या.

तिन्हींतला एकेक पिशवीत घालून
प्रतीक्षा खरातकडे गेले.
माझ्याच हाताखाली शिकली,
आता गांधी चमनजवळ स्वतःचं सेंटर आहे तिचं.
दुपारी दोन ते तीन पेशंट नसतात.
कंप्युटर नावाशिवाय पुढे सरकेना, तर तिनं टाइप केलं:
नाव फियाट. वय शेहेचाळीस. स्त्री.
तक्रार, उजवीकडे ओढते.
"मॅडम, श्वास रोखायला सांगू का हिला?"

दिल्लीचा: पत्रा पातळ, वळणावर आणखी पातळ.
लाल: पाइप देखणा, पण नेमक्या जोडावर
साबुदाण्यासारखे बुडबुडे, ओळीनं.
वाळूजचा: शिवण वाकडी,
आतून मात्र या काठापासून त्या काठापर्यंत
भरीव पांढरी.
मी इतका वेळ बघत राहिले
की प्रतीक्षाला वाटलं, काहीतरी निघालं.
"नॉर्मल," मी म्हटलं.
इतकी वर्षं हा शब्द दिसायचा मला,
लिहायचा मात्र डॉक्टर.

बुशवरून मिस्त्रीशी वाजलंच.
त्याला पिवळे घालायचे होते.
म्हटलं, रबर घाला.
कडक असलं की खड्डा थेट मणक्यात येतो,
आणि मणके मी पुष्कळ बघितलेत.
"रबर चार सालात फाटतं बाई."
"चार पुष्कळ झाली."
तो काही बोलला नाही. रबराची पुडी फोडली.

शेवटचा पीळ त्यानं गाडी खाली घेऊन दिला.
तिचं वजन तिच्या चाकांवर आल्यावरच कसायचं,
अधांतरी कसलं तर रबर पिळलेलंच राहतं, म्हणाला.
मग दोरी बांधून, फरशीवर खडूच्या रेघा मारून
दोन्ही चाकं एका नजरेत आणली.

अंबड रोडला रस्ता मोकळा बघून
क्षणभर हात सोडले.
गाडी सरळ. अगदी सरळ.
हात ठेवले, तर डावीकडे.
पुन्हा सोडले, सरळ. ठेवले, डावीकडे.
पंधरा वर्षांचं धरून ठेवणं
मनगटातून निघायला तयार नाही.

कडेला मोसंबीचे ढीग लावलेले.
मी जरा जास्तच जवळून गेले असणार.
आरशात दिसलं, मोसंबीवाल्यानं
तराजू उचलून छातीशी धरला होता.